आधी कव्हर काढून पाहा



आपल्या बेटावर मोबाईल नसलेले घर आता विरळा, आणि कव्हर नसलेला मोबाईल त्याहूनही विरळा. नवा फोन घरात आला की दुसऱ्याच दिवशी त्याला अंगरखा चढतो. फ्रेंच बोलणारे दुकानदार त्याला ‘कोक’ म्हणतात, आपण कव्हर म्हणतो. यात चूक काहीच नाही. हातातून निसटलेल्या फोनची काच बदलायला जो खर्च येतो, त्यापुढे कव्हराची किंमत काहीच नसते. तेव्हा कव्हर असावे की नसावे, हा आजचा प्रश्न नाही.

प्रश्न वेगळा आहे. फोनला एकटे राहता येत नाही. त्याला चार्जर लागतो, इयरफोन लागतो, पॉवर बँक लागते, मोटारीत अडकवायला पकड लागते, पडद्यावर काच लागते. या सगळ्यांचा फोनशी जो संबंध येतो, तो कव्हराच्या आडून किंवा कव्हराच्या भोकातून येतो. मग कव्हरामुळे त्यांच्या कामात बिघाड होतो का? सरळ उत्तर असे की, होय, पुष्कळदा होतो. आणि गंमत अशी की दोष मात्र दुसऱ्याच्याच माथी मारला जातो. चार्ज झाले नाही तर आपण वायरीला नावे ठेवतो, ऐकू आले नाही तर इयरफोनला, आणि दोन्ही बदलूनही भागले नाही तर फोनला. कव्हर बिचारे गप्प बसलेले असते. ते काही करीत नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशयही जात नाही.

यात पैसा तर जातोच. पण कधी कधी पैशाहून मोठे काही जाते. ते पुढे येईल. आधी बिघाड कसा होतो ते पाहू.

भोक लहान, पिन मोठी

आजच्या बहुतेक फोनांना जी पिन लागते तिला यू.एस.बी.-सी म्हणतात. आयफोनची पिन पूर्वी निराळी असे; २०२३ साली आलेल्या आयफोन १५ पासून तिथेही हीच पिन आली. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना हीच पिन सक्तीची केली. त्यामुळे आता एका घरात एकच वायर सगळ्यांच्या फोनांमध्ये फिरते. सोय झाली, पण नवे कोडेही आले. तीच वायर मुलाच्या फोनला चालते आणि आजीच्या फोनला चालत नाही. मग सगळे म्हणतात, आजीचा फोन बिघडला.

आता नीट पाहा. या पिनेचा धातूचा भाग सुमारे सव्वाआठ मिलिमीटर रुंद असतो. तो सगळ्या वायरींचा सारखाच. पण त्याच्या मागे बोटांनी धरायचा जो प्लॅस्टिकचा भाग असतो तो मात्र सारखा नसतो. ठरलेल्या नियमाप्रमाणे तो १२.३५ मिलिमीटर रुंदी आणि ६.५ मिलिमीटर जाडी यांच्या आत असावा. स्वस्त वायरी हा नियम पाळतातच असे नाही, आणि स्वस्त कव्हरे तेवढे भोक ठेवतातच असेही नाही. जाड कव्हराचे भोक अरुंद असले की हा प्लॅस्टिकचा भाग कव्हराच्या काठावर अडतो आणि पिन पुरती आत जात नाही. दिसायला ती बसलेली दिसते. पण ‘टक्’ असे जे बोटाला जाणवायला हवे ते जाणवत नाही. मग चार्जिंग कधी चालू, कधी बंद. फोन जरा हलला की बंद. रात्रभर लावलेला फोन सकाळी रिकामा.

एका घरातील गोष्ट मला ठाऊक आहे. वृद्ध मावशी एकट्या राहतात, मुलगा परदेशी. रविवारी त्याचा फोन यायचा, आणि नेमका रविवारी मावशींचा फोन मिटलेला. दोन वायरी बदलल्या. एका दुकानात चार्जिंगचा भाग बदलावा लागेल असे सांगून काही हजार रुपयांचा अंदाज दिला. मावशी म्हणाल्या, “राहू दे, माझ्यासारखाच म्हातारा झाला असेल.” शेवटी शेजारच्या मुलीने सहज कव्हर काढून वायर लावली आणि फोन चालू लागला. नातीने हौसेने आणलेले ते जाड, फुलाफुलांचे कव्हर. त्याचे भोक थोडे कापून मोठे केले आणि काम झाले. पण मधल्या दीड-दोन महिन्यांत मुलगा तिकडे काळजी करीत होता, आणि आई इकडे समजत होती की मुलाला आता वेळ होत नाही. कव्हराचे भोक केवढे, आणि त्याने पाडलेले अंतर केवढे!

इयरफोनचेही तसेच. २०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या तेव्हा आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी फोनवर धडे ऐकले. “सर, एकाच कानात ऐकू येते”, “सर, माझा आवाज तुम्हाला जात नाही”, अशा तक्रारी रोजच्याच होत्या. साध्या गोल पिनेच्या इयरफोनला टोकापासून मुळापर्यंत चार कड्या असतात. एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची, एक दोन्ही कानांना सामाईक परतीची, आणि एक बोलण्याच्या माईकची. कव्हराने पिन जराशी वर उचलून धरली की प्रत्येक कडी आपल्या जागेवरून सरकते. सामाईक कडी सुटली तर फारच चमत्कारिक गोष्ट घडते. दोन्ही कानांत जो आवाज सारखा असतो तो एकमेकांत वजा होऊन जातो. गाण्यात गायकाचा आवाज बहुधा असाच दोन्हीकडे सारखा असतो. म्हणून भजन लावावे तर पेटी-तबला दूरवरून आल्यासारखे ऐकू येतात आणि गाणारा मात्र नाहीसा! असे झाले तर इयरफोन फेकू नका. कव्हर काढून पिन पुरती दाबून पाहा.

वायरीविना चार्जिंग

आता दुसरा प्रकार. चकतीवर फोन ठेवला की आपोआप चार्ज होतो. जादू नव्हे, मायकल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनच ते. चकतीत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, फोनच्या पाठीत दुसरे. पहिल्यातून बदलता प्रवाह सोडला की दुसऱ्यात प्रवाह निर्माण होतो. पण त्यासाठी दोन्ही वेटोळी अगदी जवळ आणि समोरासमोर हवीत. मध्ये कव्हराची जाडी आली की अंतर वाढते, आणि अंतर वाढले की पोहोचणारी वीज घटते आणि वाया जाणारी वाढते. चकतीचे उत्पादक साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीपर्यंतचे कव्हर चालते असे सांगतात. पातळ रबरी किंवा प्लॅस्टिकचे कव्हर असल्यास बहुधा अडत नाही. दणकट, दुहेरी थरांचे, मागे उभे करायची कडी किंवा बोटात घालायची अंगठी असलेले कव्हर असले की अडते.

धातूचे तर मुळीच चालत नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्याच्यात प्रवाह फिरू लागतात आणि तो तापतो. चांगली चकती असा धातू ओळखून चार्जिंग थांबवते. मोटारीतल्या चुंबकी पकडीसाठी कव्हराच्या आत जी पातळ लोखंडी पत्री सरकवतात, ती इथे नेमकी आडवी येते. म्हणजे एका सोयीसाठी घातलेली वस्तू दुसरी सोय बंद पाडते, आणि आपण चकतीच्या नावाने बोटे मोडतो.

२०२० साली आयफोन १२ बरोबर चुंबकाचे कडे आले. फोनच्या पाठीत चुंबक, चार्जरमध्ये चुंबक. दोन्ही आपोआप बरोबर जागी चिकटतात. २०२३ पासून हीच कल्पना ‘ची-टू’ या नावाने इतर कंपन्यांसाठीही खुली झाली. येथे कव्हराची परीक्षा आणखी कडक होते. दुकानात दोन कव्हरे शेजारी शेजारी टांगलेली असतात, रंग तोच, आकार तोच. पण एकात चुंबकाचे कडे असते आणि दुसऱ्यात नसते. ज्यात नसते त्याच्या आडून चुंबकाची पकड ढिली होते. पाठीला चिकटणारी पॉवर बँक खिशात घालताना सरकते, मोटारीतला फोन खड्ड्यात धक्का बसताच खाली येतो. तेव्हा असे सामान घ्यायचे असेल तर कव्हरही चुंबकाच्या कड्याचेच घ्यावे. नाहीतर दोघांनाही दिलेले पैसे वाया.

चुंबक आला की दोन खबरदाऱ्याही आल्या. पहिली कार्डांची. कव्हराच्या मागच्या खिशात बँकेचे कार्ड ठेवून फोन चुंबकी चार्जरवर ठेवू नये. कार्डावरची काळी पट्टी पुसली जाऊ शकते. आपली कितीतरी मुले-मुली हॉटेलांत नोकरी करतात. खोल्यांची पट्टीवाली कार्डे किती सहज पुसली जातात हे त्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी खबरदारी हृदयाची, आणि ती कृपा करून घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवले आहे, त्यांनी चुंबक असलेला फोन, कव्हर किंवा चार्जर सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. अ‍ॅपल कंपनीची स्वतःची सूचना आहे की आयफोन आणि त्याचे चुंबकी सामान अशा यंत्रापासून १५ सेंटिमीटरांहून दूर ठेवावे, आणि वायरीविना चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरांहून दूर. नातवाने प्रेमाने दिलेले नवे चुंबकी कव्हर आजोबांच्या छातीवर विसावू नये. शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे.

फोनला गोधडी

आपला उन्हाळा आपण जाणतो. फोनही जाणतो. अ‍ॅपलच्या सांगण्याप्रमाणे आयफोन वापरण्यासाठी बाहेरचे तापमान शून्य ते ३५ अंश असावे. त्या वर फोन स्वतःच पडदा मंद करतो, चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. चार्ज होताना फोन मुळातच तापतो. वायरीविना चार्ज होताना अधिक तापतो. त्यात जाड कव्हर म्हणजे भर उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखे. चार्जरवर ठेवलेला फोन ऐंशी टक्क्यांवर अडून बसला, तर पुष्कळदा चार्जर नव्हे, ही गोधडी कारण असते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. सतत तापलेली बॅटरी लवकर थकते. म्हणून हाताला चटका जाणवण्याइतका फोन तापला, तर चार्जिंगपुरते कव्हर उतरवावे आणि फोन उशीखाली किंवा उन्हातल्या मोटारीत ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. जुनी बॅटरी कधी कधी फुगते. कव्हराने सगळे घट्ट आवळून धरलेले असले की फुगवटा दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कव्हर काढून फोन सपाट टेबलावर ठेवावा. तो डुगडुगत असेल, पडदा कडेने उचलला गेला असेल, किंवा कव्हर पूर्वीसारखे बसत नसेल, तर तो फोन चार्ज करू नये, दाबूही नये, जाणकाराकडे द्यावा. त्याच वेळी कव्हराच्या आत साचलेली समुद्राची वाळू झटकावी. ती काचेला आणि कडांना ओरखडे पाडते. चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस-धागा साचलेला असला तर फोन बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच काढावा. त्या धाग्यामुळेही पिन पुरती बसत नाही.

काच, बोट आणि कॅमेरा

पडद्यावर लावायची काच आणि कव्हर यांचे भांडण तर नेहमीचेच. काच कडेपर्यंत पसरणारी असली आणि कव्हराचा काठ आत वळलेला असला, की कव्हर काचेला ढकलते आणि काच एका कोपऱ्यातून उचलली जाते. मग बुडबुडे येतात. दोष चिकटवणाऱ्याचा नसतो. दोन वस्तू एकमेकींसाठी बनलेल्या नसतात.

कधी ही बाब बुडबुड्यांवर थांबत नाही. २०१९ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-१० या फोनात असे आढळले की पडद्यावर विशिष्ट सिलिकॉनचे आवरण असले तर कोणाच्याही बोटाने फोन उघडतो. त्या आवरणावरची नक्षीच बोटाच्या ठशाबरोबर ओळखली जात होती. काही बँकांनी त्या फोनांवरची आपली सेवा तात्पुरती थांबवली. कंपनीने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोष मान्य करून दुरुस्ती पाठवली. धडा असा की पडद्यावर नवे आवरण लावले की बोटाचा ठसा पुन्हा नोंदवावा, आणि घरातल्या दुसऱ्याच्या बोटाने फोन उघडत नाही ना, हेही पाहावे.

गणेशोत्सवात रात्रीच्या आरतीचे फोटो पांढुरके, धुरकट आले तर कॅमेऱ्याला दोष देण्यापूर्वी कव्हराची मागची बाजू पाहा. फ्लॅशचा उजेड कव्हराच्या काठावर आपटून भिंगात शिरतो. विसर्जनाला समुद्रावर जाताना पाण्यापासून जपण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी वापरतात. ती उपयोगी खरीच, पण तिच्यातून बोलणे दबलेले जाते, आणि पिशवी ओली झाली की पडदा बोट नीट ओळखत नाही. तातडीचा फोन करायचा असेल तर आधी पिशवी पुसावी.

कव्हर शत्रू नव्हे

एवढे वाचून कोणी कव्हर काढून फेकू नये. उलटा दाखलाही आहे. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा त्याचा अँटेना बाहेरच्या धातूच्या कडेतच होता. हात विशिष्ट जागी पडला की संदेशाची शक्ती कमी होई. त्या वर्षीच्या जुलैत कंपनीने उपाय काढला तो फुकट कव्हरांचा! म्हणजे तिथे कव्हर हेच औषध ठरले. कव्हर वाईट नाही. ते फोन आणि इतर वस्तू यांच्यामध्ये उभे असलेले तिसरे माणूस आहे, आणि तिसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय दोघांच्या भांडणाचा निवाडा करू नये, एवढेच.

निवाडा कसा करावा? वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेच इथे करावे. तीच वायर, तोच चार्जर, तोच फोन ठेवून फक्त कव्हर काढावे. काम झाले, तर कव्हर पुन्हा घालून पाहावे. पुन्हा बिघडले, तर चोर सापडला. कव्हर काढूनही काम झाले नाही, तरच वायर बदलून पाहावी, मग चार्जर, आणि सर्वांत शेवटी दुकान. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. नवीन वायर, काच किंवा पॉवर बँक घ्यायला जाताना फोन कव्हरासकट न्यावा आणि दुकानातच लावून पाहावा. घरी जोडे विसरून चपला घ्यायला जाणाऱ्याने मापाची तक्रार करू नये!

आपल्या बेटावर हे काम एका विशिष्ट काळाआधी करणे बरे. नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत आपला चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याचे लोंढे वाहिले आणि कितीतरी घरांतली वीज गेली. अशा वेळी इशारा कळतो तो फोनवर, मुलगा कामावरून निघाला की नाही हे कळते तेही फोनवर, आणि फोन जिवंत राहतो तो पॉवर बँकेवर. त्या काळोखात, घाबरलेल्या हातांनी, पिन कव्हरात अडते आहे हे कोणाच्या लक्षात येणार? म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक फोनला, त्याच्या रोजच्या कव्हरासकट, पॉवर बँक आणि तिची वायर लावून पाहावी. ज्या फोनाला बसत नाही, त्याच्या कव्हराचे भोक मोठे करावे, किंवा वीज गेली की आधी कव्हर काढायचे, हे त्या माणसाला नीट दाखवून ठेवावे.

हे काम तरुणांचे आहे. म्हाताऱ्या बोटांना घट्ट कव्हर काढता येत नाही, आणि फोन चालत नाही असे सांगायला त्यांना संकोच वाटतो. येत्या रविवारी आजी-आजोबांकडे जाल तेव्हा जेवण झाल्यावर त्यांचा फोन मागून घ्या. कव्हर उतरवा, भोक साफ करा, वायर लावून ‘टक्’ ऐका, कव्हर घालून पुन्हा एकदा ऐका. आणि परत देताना दुसऱ्या खोलीतून त्यांना एक फोन लावून पाहा. घंटी वाजली म्हणजे काम झाले.